बाबांचं लिंबू आणि सबिनाचा गब्रू

माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढकेबाबांचा कळप बघायला माणसं कुंपणावर ओणवी झाली होती. एकेक मेंढी वासरासारखी. आणि गडमुडशिंगीच्या सबिनाच्या मेंढ्या? दरसाल खुरटत चाललेल्या. औंदाची कोकरं तर मांजराएवढी.

"करणी हाय," बाबा माइकवरनं सांगत होते. "एकच नर कोकरू सगळ्या कळपाचं बळ शोषतं. माझं लिंबू त्येला हुडकतं. त्ये मला द्या, गारगोटीच्या रानात सोडतो. मग बघा, कळप कसा फुलतोय."

दोऱ्याला टांगलेलं लिंबू दरवर्षी थोराड कोकरापुढंच डोलायचं. सबिनाला ते पटायचंही. बाकीच्यांचं शोषल्याशिवाय हा एवढा माजेल कसा? सबिना विज्ञानाची पदवीधर. आनुवंशिकतेचा वाटाण्यांवरचा धडा तिला तोंडपाठ होता. वाटाण्याला चार पाय फुटले की मात्र पदवी बंद पडायची.

गेल्या साली तिनं गब्रू दिला होता. आई मेलेलं, एक कान कुत्र्यानं तोडलेलं कोकरू, लेकीच्या बाटलीनं वाढवलेलं. एका मांडीवर अफसाना, दुसरीवर गब्रू आणि बाटलीवरनं दोघांची मारामारी. तो गेला आणि कळप एका मरतुकड्या नरावर चालला. यंदाही फरक पडला नाही तर मेंढ्या विकायच्या, असं नवऱ्यानं, खिजरनं बजावलं होतं. म्हणून आज तिच्या हातातल्या दोरीला त्यातल्या त्यात धट्टंकट्टं पिलू होतं.

लिंबू डोललं. बाबांनी दोरीला हात घातला, तेवढ्यात कडेवरची अफसाना भुकेनं किरकिरली. सबिनानं बाटली काढली आणि सवयीनं जिभेनं "च्च च्च" केलं.

कुंपणाआतला शेंदूर लावलेला दांडगा मेंढा कळप फोडत आला. मान बाहेर काढली आणि अफसानाच्या तोंडची बाटली ओढली. कान तोच, तुटका. अफसानानं त्याच्या नाकावर चापट मारली. जुनं भांडण होतं.

"गब्रू?" सबिना पुटपुटली.

"रानातनं चालत आला व्हय ह्यो?" शेजारचे केरबामामा म्हणाले. "आणि त्यो काळ्या तोंडाचा माझा हाय की."

"ही माया हाय, भक्तांनो," बाबा म्हणाले.

"असंल. मग माझी माया मी घरला न्हेतो."

सबिनानं बाबांचं लिंबू घेतलं, दोरा धरला आणि बोट जरासं हलवलं. लिंबू झोके घेऊ लागलं. ती ते घेऊन बाबांपुढं उभी राहिली.

"बाबा, सगळ्यांचं बळ शोषणारा हितंच दावतंय की वो."

माणसांचं हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मी शिकलेली येडी, मामा. नर जसा, तशी पिलं. आपण दरसाल चांगला नर ह्यांना दिला आणि उरल्यासुरल्यावर पैदास केली. आपला कळप आपणच खुरटवला. ह्यांनी आपल्याच नरांवर ह्यो चमत्कार उभा केला."

"मग आता?"

"चांगला नर घरात ठेवायचा. दोन वर्षांनी तुमचा आमच्याकडं, आमचा तुमच्याकडं; मेंढ्याच्या लेकींना त्येंचाच बाप लागू नये म्हणून. ह्याला बाबा लागत न्हाय, नुसतं बघायला लागतं."

केरबामामांनी गब्रूकडं पाहिलं. "एवढा देखणा हाय. नजर लागली तर?"

"लागू दे की," सबिना म्हणाली आणि रिकामी बाटली त्याच्या तोंडातनं ओढू लागली. "बघण्यासारखा हाय, म्हणूनच ठेवायचाय."