दोराचं खालचं टोक

"मान खाली घे, दगड लागेल," असं म्हणून दोरवाला स्वतःच गुडघ्यांत वाकला. पाठीवर बायको होती. पडक्या वेशीची कमान तिच्या केसांना चाटून गेली.

"आणखी किती वाकू? आधीच गोणीसारखी बांधलीय मला," ती त्याच्या कानाशी म्हणाली. हल्ली तिचं बोलणं कानाशीच ऐकू यायचं. आजार शेवटी घशापर्यंत पोचला होता. पाय मुरगळलेल्या पर्यटकाला आणावं तसं त्याने तिला पट्ट्यांनी पाठीशी आवळलं होतं. वजन म्हणून काही जाणवतच नव्हतं, आणि त्याचंच त्याला रडू येत होतं.

मागून मास्तर चालत होता. मास्तर म्हणजे सहलींचा गाइड. सुट्टी असूनही कंपनीकडे मागून जीप घेऊन आला होता बिचारा.

सहल एका दिवसाची असे. सकाळी होडीतून नदी, मग जंगलातली चढण, वर जुन्या शहराचे अवशेष, आणि शेवटी, ज्यासाठी तरुण मंडळी यायची, तो कडा. दोराला लटकून थेट घळीत उतरायचं. दोरवाला वर दोर सांभाळायचा. बायको नदीकाठच्या वाटेने पायथ्याशी जाऊन थांबायची आणि उतरलेल्यांना पट्ट्यांतून मोकळं करायची. संसार आणि नोकरी, दोन्ही एकाच दोरावर. पण वरचं शहर काही तिने पाहिलं नव्हतं. दर हंगामात ती म्हणायची, "यंदा मला वर न्या हं." तो म्हणायचा, "गर्दी ओसरू दे." गर्दी ओसरली की घराची डागडुजी, मुलीचं लग्न, काहीतरी निघायचंच. परवा डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुठे त्याला सवड झाली.

"हा दरबार," दोरवाल्याने थाटात हात फिरवला. "राजा इथे बसायचा."

मास्तर खोकला.

"पागा आहे ही," ती कानात म्हणाली. "भिंतीतल्या कड्या बघा. राजाला काय दावणीला बांधायचे?"

"काय म्हणाल्या वहिनी?" मास्तरने विचारलं. दोरवाल्याने स्वतःची फजिती मोठ्याने सांगून टाकली. मास्तर हसता हसता मट्कन खाली बसला.

"पण यांना कुणी सांगितलं?"

"तुमच्याच पाहुण्यांनी, म्हणतेय. खाली पोचले की पाय लटपटत असतात, तोंड मात्र चालू. पट्टे सोडेपर्यंत अख्खं शहर सांगून होतं."

मग तिनेच सगळं दाखवलं. अर्धी ढासळलेली विहीर, मधोमध झाड उगवलेला महाल, नाक तुटलेला दगडी सिंह. नुसत्या नावाने ओळखीच्या माणसांना पहिल्यांदा भेटावं तशी ती एकेकाकडे बघत होती. दोरवाल्याला फार वाईट वाटलं. कुठल्याही एका दिवसात होण्यासारखं काम होतं हे.

कड्यापासून थोडं मागे, भिंतीला टेकवून त्याने तिला बसवलं. समोरचा डोंगर हिरवागार होता आणि खाली झाडांतून नदीचा तुकडा चकाकत होता.

"मी कुठे उभी असते?"

"ते इथून दिसत नाही. मधे खडकाचं पोट येतं."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला बघितलंच नाही?"

"ऐकलं ना पण."

ते खरं होतं. दिसत नाही म्हणून त्यांनी हाकेची पद्धत पाडली होती. तो वरून ओरडायचा, "खाली कोण?" खालून उत्तर यायचं, "मी आहे!" ते आल्याशिवाय तो कुणाचा पाय कड्यावरून सुटू देत नसे. ऐन वेळी तिला शिंक आली, तर वर एखादा धीट गडी घामाघूम व्हायचा.

मग तिने त्याला खूण करून जवळ बोलावलं.

"आज उलट करू. तुम्ही खाली जा. मी विचारते."

"अगं, तुझा आवाज..."

"जा म्हणते ना."

त्याने मास्तरकडे पाहिलं. "जाऊन या," मास्तर म्हणाला. "मी बसतो वहिनींपाशी."

बाजूच्या पायवाटेने तो गुडघ्यांना शिव्या घालत उतरला आणि तिच्या जागी जाऊन उभा राहिला. नदी केवढ्याने गर्जत होती तिथे! आपली हाक हिने रोज या आवाजातून कशी वेचून काढली असेल, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला. त्याने कानांमागे हात धरले. पाण्याशिवाय काही ऐकू येईना. तिने विचारलं असेल, की आता विचारतेय? तिचा प्रश्न अधांतरी राहता कामा नये.

"मी आहे!" तो ओरडला. थोडं थांबून पुन्हा ओरडला, "मी आहे!" घसा बसेपर्यंत तो ओरडत राहिला, आणि त्यात रडणं कधी मिसळलं ते त्यालाही कळलं नाही.

धापा टाकत वर आला तेव्हा तिचे डोळे हसत होते. त्याने तिच्या तोंडाशी कान नेला.

"किती वेळा ते! मी एकदाच विचारलं होतं."

"खात्री नको?"

"पण माझा आवाज आला ना खाली?"

"खणखणीत," तो म्हणाला.

मास्तर उगीच समोरचा डोंगर निरखू लागला. दोरवाला पाठ वळवून दोर आवरायला गेला. आज कुणी उतरलंच नव्हतं. सवयीने बरोबर आणलेला दोर गुंडाळलेला होता तसाच पडला होता. त्याने तो सगळा उलगडला आणि पहिल्यापासून पुन्हा गुंडाळायला घेतला.