तारेची दोन टोकं

उदारामनं पायातले जाड तळव्यांचे बूट काढून शाळेच्या सभागृहाबाहेर ठेवले. आत सगळेच चपला-बूट घालून बसले होते, हे त्याला खुर्चीत टेकल्यावर दिसलं. पण आता उठायचं म्हणजे चार माना वळल्या असत्या. तो तसाच पाय आखडून बसून राहिला. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची. ड्युटीवरून फोन आला तर निघता यावं, असं त्यानं बायकोला, शामकलाला, सांगून ठेवलं होतं. ती मात्र पार दुसऱ्या रांगेत, लुगड्याचा पदर सावरून, लेकीच्या थेट नजरेसमोर बसली होती.

समोर चेतना उभी होती. याच केशोरीच्या शाळेत ती दहावीपर्यंत शिकली होती. आज विज्ञान दिन, म्हणून मुख्याध्यापक भूपेंद्र सरांनी तिला बेंगळुरूहून मुद्दाम बोलावलं होतं. ‘आमची माजी विद्यार्थिनी, संशोधक,’ असं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं.

उदाराम एकतीस वर्षं वीज कंपनीत लाईनमन होता. या पट्ट्यातला कुठला खांब कुठल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा आहे, ते तो डोळे मिटून सांगे. लेक इंजिनिअर झाली आणि त्याच कंपनीत तिची निवड झाली, तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले होते. दोन महिन्यांनी चेतनानं कळवलं की ती रुजू होणार नाही. तिला संशोधन करायचं होतं. तो रागावला नाही. फक्त त्यानंतर त्यानं तिला तिच्या कामाबद्दल कधीच काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. फोनवर दोघं पावसापाण्याचं बोलत आणि मग फोन शामकलाच्या हातात जाई. त्याला चार वर्षं झाली होती.

“मी तारांवर काम करते,” चेतना सांगत होती.

उदाराम खुर्चीत जरा पुढे सरकला.

पडद्यावर एक करडं चित्र उमटलं. पट्ट्याच पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या कडेनं उजळ ठिपक्यांच्या रांगा. “हा सिलिकॉनचा तुकडा. थोडा तिरपा कापला, की त्यावर अशा पायऱ्या पडतात. आपल्या उतारावरच्या धानशेतीच्या बांध्या असतात ना, एकीपेक्षा दुसरी खाली, तशाच. फक्त ही पायरी एका अणूइतकी उंच. यावर आम्ही सोन्याची वाफ सोडतो. अगदी थोडी. मग तापवलं, की सोन्याचे अणू आपणहून त्या पायऱ्यांना धरून रांगेत बसतात. झाली तार. एका-दोन अणूंच्या रुंदीची. याहून बारीक तार जगात होऊच शकत नाही.”

पोरांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी आपला केस उपटून पाहिला.

“केस? एका केसाच्या रुंदीत अशा लाखभर तारा शेजारी शेजारी मावतील. आणि ही तार आपल्या तारेसारखी वागत नाही. वाट इतकी अरुंद, की विजेच्या कणांना एकमेकांना ओलांडून जाताच येत नाही. एक हलला की सगळ्यांना हलावं लागतं. आणि गंमत ऐका. काही तारा थंड केल्या, की त्यांतले अणू दोन-दोनच्या जोड्या करून बसतात, आणि वीज जायचीच थांबते.”

“थंडीत?” उदारामच्या तोंडून निघून गेलं. शेजारच्या मास्तरांनी वळून पाहिलं. पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याची तार उन्हाळ्यात लोंबायची, त्रास द्यायची. थंडीत तिची कधी कुरकुर नसे. हिची तार थंडीतच रुसते म्हणजे काय! पुढचा अर्धा तास त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही.

“कोणाला काही विचारायचंय?” भूपेंद्र सर म्हणाले.

पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. आणि उदारामला कळलं की आपण उभे राहिलो आहोत, अनवाणी.

“म्याडम,” तो म्हणाला. सभागृह हसलं. शामकलानं पदर तोंडाला लावला. पण साहेबांच्या बैठकीत बोलताना त्याला हीच सवय होती. “तुमची तार समजली. पण तिची दोन टोकं कशाले बांधता?”

चेतना दोन पावलं पुढे आली.

“म्हणजे असं, आमची तार मधात कमी जळते. जळते ते जोडावर. पतल्या तारेले जाडी तार लावली की समजा, भानगड तिथंच. तुमची तर एवढी पतली. तिच्यात करंट पाहाले तुम्ही जे काही लावता, त्याच्यानंच ते बिघडून राहिली नसन कशावरून?”

चेतनानं हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

“आम्ही बारीक सुया टेकवतो,” ती सावकाश म्हणाली. “सुई टेकते तिथले अणू जागचे हलतात. मग जे मोजलं, ते तारेचं की जोडाचं, हे नक्की सांगता येत नाही. माझं दीड वर्ष त्यातच गेलं. याचं उत्तर मला अजून माहीत नाही.”

उदाराम बसला. चहा येण्याआधीच तो बाहेर पडला आणि मोटारसायकल काढून घरी आला. चार गावच्या लोकांसमोर आपण पोरीला अडवलं, तिच्या तोंडून ‘माहीत नाही’ वदवलं. त्यानं म्हशीला पाणी दाखवलं, मग विसरून परत दाखवलं.

दिवेलागणीला मायलेकी आल्या. चेतना सरळ गोठ्यात आली.

“बाबा, काऊन निघून आले?”

“तुले लोकायसमोर—”

पुढचं तिनं ऐकलंच नाही. ती हसत सुटली. गोठ्याच्या खांबाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“मागच्या महिन्यात आमच्याकडे तीन मोठे प्रोफेसर बसले होते माझं काम तपासाले. तास झाला, तेव्हा कुठं हा प्रश्न त्यायले सुचला. तुम्ही पहिलाच तो विचारला. आणि वरून म्याडम म्हणता मले!”

उदाराम तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं. शामकला दारात येऊन म्हणाली, “दोघंही वेडे झाले का? जेवाले चला.”

जेवताना तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. सोनंच कायले? चांदी काऊन नाही? वाऱ्यानं काय होते? हवा काढूनच टाकता? सगळी? त्याच्या ताटातला भात थंड झाला, पण शामकलानं त्याला हटकलं नाही. ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती. मग चेतना म्हणाली,

“आता माझी बारी. तांब्याच्या तारेले ॲल्युमिनियमची तार तुम्ही कशी जोडता?”

“सरळ नाही जोडत. दोघींचं पटत नाही. मधात वेगळा क्लॅम्प लागते, एका अंगानं तांबं, एका अंगानं ॲल्युमिनियम.” त्यानं हातातला घास ताटात ठेवला. “पाहाचं आहे? उद्या काम आहे एका खांबावर. पण वर चढू देणार नाही.”

“खालूनच पाहीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन बंद करवून उदाराम खांबावर चढला. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर लावलेला उन्हाळी धान खाली चहूकडे हिरवागार होता. चेतना खांबाशी दोर धरून उभी होती. तो मागेल ते पिशवीत घालून वर पाठवत होती. एरवी पंधरा मिनिटांत उरकणारं काम त्यानं पाऊण तास चालवलं. प्रत्येक नट आवळताना तो ओरडून सांगे, आणि ती मान मागे टाकून ऐके. मधेच वहीत काही लिही.

धुऱ्यावरून शेजारच्या शेतातला दुलीचंद आला. त्याचा मोटारपंप बंद पडला होता.

“लाईन कधी येते, उदाराम? आणि हे कोण? नवीन साहेबीण का?”

वरचा पाना थांबला.

“साहेबीण नाही गा. आमच्याच लायनीतली आहे. सोन्याच्या तारा टाकते.”

दुलीचंदनं तिला खालून वर न्याहाळलं. “सोन्याच्या? आणि चोरीले नाही जात?”

“दिसतच नाहीत, काका,” चेतना म्हणाली. “चोर तरी काय करन?”

वर उदाराम इतका हसला, की त्याला कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरावा लागला.