उलटी यादी

गादीशेठला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या गादीशेठला सोडून. गाद्यांच्या कारखान्यात बक्कळ पैसा झाला तेव्हा त्याने हा क्लब घेतला. पहिल्याच दिवशी डावखुऱ्या विंगरकडे बघत त्याने विचारलं होतं, दोन्ही पाय चालणारा मिळाला नाही का?

शेठला एक गोष्ट मात्र उत्तम जमायची, समोरच्याचं खोडून काढणं. कोच पडला बारा गावचं पाणी प्यायलेला. सामन्याच्या दिवशी तो यादी उलटी लिहून वर शेठच्या खोलीत न्यायचा. ज्याला खेळवायचं तो राखीव बाकावर, ज्याला बसवायचं तो संघात. शेठ लाल पेनाने दोन-चार ठिकाणी काट मारून नावं फिरवायचा आणि यादी आपोआप सरळ व्हायची. मग कोच ती कोऱ्या कागदावर उतरवून शिक्का घ्यायचा. बाकावर बसलेल्यांना सांगायचा, शेठने कापलं रे. हरलं की लोक शेठच्या नावाने बोटं मोडायचे आणि कोच नामानिराळा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

आज हंगामाचा शेवटचा सामना होता आणि गोलकीपरचा आयुष्यातला शेवटचा. एकोणचाळीस वर्षांच्या या गड्याला सगळे खांब म्हणत. त्याची आई सतरा वर्षांत एकदाही मैदानावर आली नव्हती. चेंडू तोंडावर येतो आणि पोरगं मागे सरायचं सोडून पुढे जातं, हे तिला बघवायचं नाही. आज ती आली होती. कोचने सवयीने खांबचं नाव राखीवात लिहिलं आणि तो वर गेला.

शेठने यादी वाचली. पेन काढलंच नाही. थेट शिक्का मारला.

मग त्याने कारण सांगितलं. काल जेवताना बायकोने त्याला विचारलं होतं, "फुलबॅक येऊन तुमच्या गाद्यांत कापूस भरतो का?" ते त्याला लागलं होतं. आजपासून ढवळाढवळ बंद.

 गोलकीपरचा जरा फेरविचार करावा म्हणतो, असं कोच चाचरत म्हणाला.

"नाही कोच. तुमच्या यादीला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

शिक्क्याशिवाय यादी पंचांकडे जात नसे, आणि ती द्यायला वीस मिनिटं उरली होती. कोच जिना उतरला. शेठने कापलं, हे वाक्य जिभेवर तयारच होतं. खाली खांब हातमोजे चढवत उभा होता.

"कोच, पहिल्या हाफला मी कुठल्या गोलात? आई त्याच बाजूला बसते म्हणतेय. आलेच आहे तर जवळून बघते म्हणाली."

कोच परत वर गेला. दार लावून घेतलं.

"शेठ, दोन वर्षं मी तुम्हाला उलट्या याद्या दाखवतोय. तुम्ही खोडायचात आणि मला हवं ते व्हायचं."

शेठने शिक्का मारलेली यादी परत मागून घेतली. "सात गोल खाल्ले, तो संघही तुमचाच?"

"माझाच."

"त्यावरून बायको चार दिवस बोलली नाही माझ्याशी." त्याने लाल पेन काढलं, खांबचं नाव राखीवातून खोडून वर लिहिलं, वरच्या गोलकीपरचं खाली आणलं आणि पुन्हा शिक्का मारला. "हा खेळेल. तुम्ही सोमवारपासून येऊ नका. एवढी ढवळाढवळ मालकाने केली तर चालेल ना?"

कोचला यात खोट काढता येईना, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

यादी उतरवून काढायला वेळ नव्हता. तीच लाल काटांची यादी पंचांना दाखवून झाली आणि ड्रेसिंग रूमच्या दाराला लागली.

सामना एक-एक असा सुटला. खांबने एक गोल दोन पायांतून सोडला आणि दोन चेंडू छातीवर झेलले. आई डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघत होती. नंतर तिने लेकाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, दात सगळे आहेत ना म्हणून.

खांब ड्रेसिंग रूममध्ये आला आणि दाराशी थबकला. कोचच्या अक्षरातलं राखीवातलं नाव, त्यावरची लाल काट, सगळं त्याने सावकाश वाचलं.

"तुम्ही मला बसवणार होतात, कोच? आजच्या दिवशी?"

 खरं सांगायला कोचला मागच्या दोन वर्षांच्या याद्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

खांबने हातमोजे काढले, उराशी धरले आणि शेठला द्यायला तो जिना चढून गेला.