बाटलीवरचं नाव

अकरा वर्षांच्या मुलाला भेट म्हणून काय द्यावं, हे त्या आठवड्यात मला अख्ख्या देवपूरने सांगून झालं. भाऊ म्हणाला, बॅट दे. वहिनी म्हणाली, कपडे दे, बॅटने कुणाची काच फुटली तर तुझंच नाव निघेल. लॅबमधली हुमा म्हणाली, "नूतनताई, पाकिटात पैसे घाला आणि मोकळ्या व्हा. माझ्या मुलाला, आवेजला, काहीही आणा, तो तोंड वाकडंच करतो." सगळ्यांचं ऐकून घेतलं, पटलं एकाचंही नाही. माझं हे असंच आहे. दुसऱ्याचं पटत नाही आणि स्वतःला सुचत नाही.

मी लॅबमध्ये रक्त काढते. मला बघितलं की मुलं भोकाड पसरतात, एवढाच माझा मुलांशी संबंध. वय अडतीस. चोविसाव्या वर्षी लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. का मोडलं ते मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. तेव्हापासून भावाकडे राहते. आता जळगावचं स्थळ आलं होतं. अभिमन, चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. बायको उषा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. घरात आई आणि एक मुलगा, विक्रम. आम्ही दोघं तीनदा भेटलो. माणूस कमी बोलणारा, पण हॉटेलात चहा सांडला तर वेटरला हाक न मारता स्वतः पुसणारा. मला आवडले. मला हे लग्न हवं होतं, त्यात लाज कसली? पण तिसऱ्या भेटीत त्यांनी सरळच सांगितलं, "विक्रमला तुम्ही पटला नाहीत तर मी पुढे जाणार नाही. रविवारी घरी या, त्याला भेटा."

म्हणजे माझ्या जन्माचा निकाल त्या पोराच्या हातात, आणि मी त्याला फक्त मोबाइलमधल्या एका फोटोत पाहिलेलं. त्या फोटोतही तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

शनिवारी रात्री मी अभिमनना फोन केला. "त्याला आवडतं तरी काय?"

"काहीही चालतं त्याला."

"अहो, कुठला खेळ, कुठला रंग, काहीतरी असेल ना?"

"तसं काही नसतं हो त्याचं."

माझं डोकंच फिरलं. काहीही चालणारं पोरगं अजून जन्माला यायचंय. चार वर्षं हा माणूस एकट्याने मुलगा वाढवतोय आणि याला त्याचा आवडता रंग माहीत नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "हां, मागच्या आठवड्यात शाळेत पाण्याची बाटली हरवली त्याने. माझी आई फार रागावली."

बाटली तर बाटली. निदान उपयोगाची वस्तू. रविवारी सकाळी साडेनऊलाच मी पाचकंदिलच्या बाजारात जाऊन उभी राहिले. लग्नसराई होती म्हणून दुकानं उघडी होती. तिथेही जीवाला चैन नाही. निळी घेतली, ठेवली. काळी घेतली, मग वाटलं काळी अशुभ वाटेल, त्याच्या आजीला नावं ठेवायला निमित्त. तीन दुकानं झाली. चौथ्या दुकानात साधी, चकचकीत स्टीलची, गार पाणी गार राहणारी बाटली घेतली, तीही दुकानदार वैतागला म्हणून. बाटली परत हरवू नये म्हणून म्हटलं, नाव टाकून घेऊ.

दुकानाच्या पायरीवर कादरभाई बसतात, भांड्यांवर नाव टाकणारे. हातात ते घरघर करणारं यंत्र, पुढ्यात लग्नाच्या आहेराची भांडी रचलेली. अक्षर मात्र मोत्यासारखं. मी बाटली पुढे केली.

"काय टाकू, ताई?"

"विक्रम."

"कोणाकडून?"

 नूतनकडून? कोण नूतन? मावशी म्हणजे त्याच्या आईची बहीण, ती मी नव्हे. आत्या नाही, काकू नाही. जे व्हायचं होतं, ते तर त्या पोराच्याच हातात होतं. मागे एक बाई परात घेऊन उभी होती, ती कपाळाला आठ्या घालून बघायला लागली.

"फक्त विक्रम टाका," मी म्हणाले.

"देणाऱ्याचं नाव नको? भेट आहे ना?" कादरभाईंनी मान वर न करता विचारलं. "तुमचाच मुलगा ना, ताई?"

"हो," मी म्हणाले.

आता हे हो मी का म्हणाले, ते सांगते. मागची बाई घाई करत होती, बसची वेळ होत होती, हे सगळं खरंच आहे. पण त्यासाठी मी हो म्हणाले नाही. मला बरं वाटलं म्हणून म्हणाले. अडतीस वर्षांत मला कुणी असं विचारलंच नव्हतं. तेवढ्यात अभिमनचा फोन आला, निघालात का म्हणून. मी जरा बाजूला होऊन बोलले. परत आले तर बाटली कागदात गुंडाळून तयार होती. पैसे दिले, रिक्षा पकडली, सव्वाअकराची जळगाव गाडी धावत गाठली.

फागणे गाव मागे पडल्यावर मी कागद सोडला. बाटलीवर ठसठशीत, सुरेख अक्षरात लिहिलं होतं: चि. विक्रम यास आईकडून.

 ज्या पोराची आई गेली त्याच्या हातात, पहिल्याच भेटीत, मी हे ठेवणार? तो ही बाटली माझ्या तोंडावर फेकून मारेल आणि बरोबरच करेल. मी केसातली पिन काढली आणि 'आई' खरवडायला लागले. गाडी हलत होती, पिन घसरत होती. शेजारची बाई म्हणाली, "नाही जात ते." मी तिच्याकडे असं बघितलं की तिने खिडकीकडे तोंड केलं. पारोळा येईपर्यंत मी घासत होते. पारोळ्याला गाडी थांबली. दुसरं काही मिळतंय का म्हणून मी खाली उतरले. स्टँडवरच्या टपरीत वेफर्स आणि चावीच्या मोटारी होत्या. अकरा वर्षांच्या मुलाला चावीची मोटार. चढले, पुन्हा उतरले, ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा चढले. जागेवर बसून बाटली पाहिली. अक्षरं जशीच्या तशी होती, फक्त त्या 'आई'वर आडवेतिडवे ओरखडे उठले होते. कुणी रागाने काट मारावी तशी दिसत होती. मी बाटली पिशवीत तळाशी टाकली, वर टॉवेल कोंबला आणि ठरवलं, रिकाम्या हाताने जायचं.

पिंप्राळ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. अभिमन दारातच उभे होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. भिकुबाई, म्हणजे त्यांच्या आई, पुढे आल्या. "ये माय, बठ," म्हणाल्या आणि मला वरून खालपर्यंत बघून घेतलं. विक्रम पलंगाच्या टोकाला बसला होता. केस पाण्याने चापून बसवलेले, नजर पंख्याकडे. मी विचारलं, कितवीत आहेस. सहावीत म्हणाला. शाळा कशी आहे. बरी आहे. एवढं झाल्यावर आम्हा दोघांकडचंही बोलणं संपलं. अभिमन चहा टाकायला गेले ते साखर कुठे आहे म्हणून दोनदा बाहेर आले. मी पदर सारखा करत होते, पिशवी या बाजूची त्या बाजूला ठेवत होते. ते काही भिकुबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"पिशवीमा काय शे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आजी. टॉवेल आहे."

त्यांनी पिशवी उचलली, टॉवेल काढला, बाटली काढली. मला जागचं हलता येईना. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बाटली नातवाच्या हातात दिली. "वाच रे."

त्याने मनातल्या मनात वाचलं. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. अभिमन कपबशा घेऊन आले, त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि ते तिथेच थांबले. मला म्हणाले, "अहो, हे काय?"

 मी पोराकडे बघून बोलले, कारण उत्तर त्याला द्यायचं होतं. "विक्रम, हे मी लिहायला सांगितलं नाही. पण नाव टाकणाऱ्याने विचारलं, तुमचाच मुलगा का, तर मी हो म्हणाले. खोटं बोलले. तसं म्हणताना मला बरं वाटलं. मग गाडीत वाचलं आणि भीती वाटली, तुला राग येईल म्हणून. म्हणून खोडायला गेले, ते आणखीच बिघडलं."

तो उठला आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेला. मी अभिमनकडे बघितलं, ते बशीत बघत होते. झालं, मी मनात म्हटलं, संपलं. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मी पर्स उचलली. पुढची गाडी किती वाजता असेल याचा विचार करत होते.

विक्रम बाहेर आला तेव्हा त्याच्या छातीशी एक मोठा स्टीलचा डबा होता, पिठाचा. हाताला पीठ लागलेलं, बाटली काखेत. त्याने डबा माझ्यासमोर ठेवला आणि बोट दाखवलं. डब्यावर लिहिलं होतं, सौ. उषा अभिमन.

"हे पण खोडणार का तुम्ही?" त्याने विचारलं.

"बठ्ठा भांडास्वर तिनंच नाव शे," भिकुबाई हळूच म्हणाल्या. सगळ्या भांड्यांवर उषाचंच नाव.

आणि मग मला कळलं की सकाळपासून मी एकटीच घाबरलेली नव्हते. या घरातलं एक पोरगं कधीपासून ही भांडी राखत बसलं होतं, आणि त्याच्यासमोर मी ओरखडे काढलेलं 'आई' आणून ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मोडीत देणार? शेजारची काकू म्हणाली, नवीन बाई आली की जुनी भांडी मोडीत देते."

"एकही देणार नाही. याच डब्यातलं पीठ काढीन, याच भांड्यांत रांधीन. नाव आहे तसं राहील. तुझ्या शेजारच्या काकूला पण सांग, आणि परत असं बोलली तर मला सांग, मी बघते तिच्याकडे."

त्याच्या तोंडावर हसू आलं असं नाही, पण त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग डब्यावरचं नाव आणि बाटलीवरचं नाव, दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितली.

"मम्मीच्या भांड्यांवर आई नाही लिहिलेलं," तो म्हणाला. "तिचं नाव लिहिलंय. तुमचं नाव काय आहे?"

"नूतन."

"मग नूतन लिहायचं ना." त्याने बाटली माझ्या हातात दिली. "खाली जागा आहे. पुढच्या वेळी येताना टाकून आणा."

अभिमनच्या हातातली बशी कलली, चहा सांडला. "म्हणजे... विक्रम, तुझं हो आहे का रे?"

"मी बाटलीचं बोलतोय, पप्पा."

माझे डोळे भरून आले होते, तरी मला हसू आलं. मी बाटली टॉवेलात गुंडाळली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी आणू का?"

"पुढच्या रविवारी माझी मॅच आहे," तो डबा उचलत म्हणाला. "त्याच्या पुढच्या रविवारी या. आणि सकाळी लवकर या."