उगाच घातलेलं पाणी

नुसतं बोट लागलं आणि पान गळून हातात आलं — पिवळट, आरपार दिसणारं, आत पाणीच पाणी. तिनं ते चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेलं, तर ते फुटलं आणि बोटं बुळबुळीत झाली. कुंडीतली माती काळीकुट्ट, ओली. कालही घातलं होतं पाणी, परवाही. सकाळी चहा ठेवायच्या आधी पेलाभर ओतलं की आईचं काहीतरी केल्यासारखं वाटायचं...

निघताना आईनंच कुंडी हातात दिली होती. "याला विसरलीस तरी चालेल गं. पानांत पाणी साठवून बसतं ते. उगाच लाड करू नकोस." आणि गाडीत बसता बसता, "रंग झाला की न्यायला ये."

रंग! घराला रंग काढायचाय, आई, वासाचा तुला त्रास होईल, तोवर वृद्धाश्रमात राहा — किती सहज बोलून गेली होती ती. नवरा तेव्हा खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता, बांधतच राहिला होता. आईचं रात्री-अपरात्री उठणं, न्हाणीघरात पडणं, गॅस चालू राहणं, यातलं काहीच खोटं नव्हतं. खोटा होता तो फक्त रंग. आईच्या खोलीत आता मुलीचं अभ्यासाचं टेबल गेलं होतं.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात तिनं लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवल्या. एका आजोबांच्या कानामागे काडी टोचत होती. ती गरम करून वाकवताना ते म्हणाले, "राहू दे गं, मला चालतंय तसंच." चालतंय — आईचा शब्द. जेवण चालतंय, शेजारीण घोरते, तेही चालतंय. आणि मी... मी तो शब्द वरच्या वर झेलते नि फोन ठेवते.

संध्याकाळी जुना पेपर पसरून तिनं झाड उपटलं. मुळं लिबलिबीत झाली होती, कुबट वास सुटला. शेंडा तेवढा अजून कडक होता. तो कापून तिनं कोरड्या बशीत ठेवला, आई ठेवायची तसा — काप वाळेपर्यंत पाणी नाही, माती नाही, हात लावायचा नाही.

"मेलं?" नवऱ्यानं दारातून विचारलं.

"मी मारलं."

"अगं, तू तर रोज पाणी घालायचीस!"

"म्हणूनच."

तेवढ्यात आईचा फोन आला. "झाड काय म्हणतंय माझं?"

"कुजलं, आई. फार पाणी घातलं मी."

पलीकडे आई हसली. "सांगितलं होतं ना तुला." मग म्हणाली, "आणि रंग?"

उत्तर जिभेवर तयारच होतं — रंगाचा दुसरा हात राहिलाय, वास अजून गेला नाही — नेहमीसारखं गुळगुळीत.

"आई..."

"बोल की. मला कुठं जायचंय?" आईच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती, आणि तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, की आईला रंगाचं कधी खरं वाटलंच नसेल... दर वेळी विचारत होती ती लेकीला खरं बोलायला जागा मिळावी म्हणून, आणि लेक बोलेना तेव्हा 'चालतंय' म्हणून तिला सोडवत होती. नवऱ्याकडे पाठ करून ती फोन घट्ट धरून उभी राहिली. आता खोटं निघणार नव्हतं; आणि खरं नेमकं कोणत्या शब्दापासून सुरू करायचं, ते काही केल्या सुचत नव्हतं.