एक मजला खाली

लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ताईने आजवर अकरा ऑफिसं बांधली होती. कुठे तिने भिंती काढून टाकल्या, कुठे चहाचं टेबल मुद्दाम सगळ्यांच्या वाटेत आणून ठेवलं, कुठे जिना इतका ऐसपैस केला की वर जाणाऱ्याला आणि खाली येणाऱ्याला, दोघांनाही पायरीवर क्षणभर टेकावंसं वाटावं. या विषयावर तिची व्याख्यानं होत आणि त्यांना गर्दीही होई. फक्त तिच्या स्वतःच्या ऑफिसात, तिच्या टेबलापासून वीस फुटांवर बसणाऱ्या सख्ख्या भावाशी ती अडीच वर्षं एक अक्षर बोलली नव्हती.

भाऊ म्हणजे दादा. तोही आर्किटेक्टच. त्याचा हातखंडा खेळाच्या इमारतींत: तरणतलाव, बॅडमिंटनचे हॉल, धावण्याचे ट्रॅक. माणसाच्या शरीराला हालचालीची किती ओढ असते यावर तो तासभर बोलू शके. स्वतः मात्र पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघत उभा राही. फर्म दोघांना वडिलांकडून मिळाली होती आणि फर्मबरोबर मिळाले होते काका.

काका वडिलांच्या वेळेपासूनचे ड्राफ्ट्समन. पूर्वी ते बोर्डावर पट्टी लावून नकाशे काढत, आता कॉम्प्युटरवर काढत. पण मान त्याच कोनात वाकलेली. अडीच वर्षांत त्यांच्याकडे आणखी एक काम आलं होतं, ते म्हणजे बहीणभावांतली ने-आण. ताई म्हणायची, "त्यांना सांगा, दुसऱ्याच्या खिडकीपुढे खांब उभा करायची त्यांची खोड जुनीच आहे." काका वीस फूट चालत जायचे आणि म्हणायचे, "खांब जरा सरकला तर बरं होईल, असं ताईंचं म्हणणं आहे." दादा म्हणायचा, "खांब म्हणजे काय तिच्या दिवाणखान्यातली खुर्ची आहे, सरकवायला?" काका वीस फूट परत यायचे. "दादा बघतो म्हणालेत." आणि मग स्वतःच्याच बुद्धीने खांब दीड फूट सरकवायचे. दोघांनाही वाटायचं, समोरच्याने माघार घेतली. ऑफिस छान चाललं होतं.

भांडणाचं कारण एक पाटी. वडील शेवटचे आजारी असताना फर्मकडे एका मोठ्या तरणतलावाचं काम होतं. काम दादाचं, पण त्यावरचं छप्पर, जे बघायला लोक अजून लांबून येतात, ते ताईने दवाखान्यातल्या बाकावर बसून, वहीत काढलेलं. उद्घाटनाच्या दिवशी पडदा बाजूला झाला तेव्हा संगमरवरी पाटीवर आर्किटेक्ट म्हणून एकट्या दादाचं नाव होतं. ताईने पाटी वाचली, पेढा घेतला, गाडीत जाऊन बसली आणि त्यानंतर जी गप्प झाली ती झालीच. दादाने आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी त्यालाही राग आला, की ही बोलत का नाही.

अशात पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकीणबाई फर्मकडे आल्या. त्यांना नवं मुख्य ऑफिस बांधायचं होतं. कारखान्यातले लोक आणि टेबलावरचे लोक एकमेकांची तोंडं बघत नाहीत, ही त्यांची तक्रार. शिवाय सगळ्यांची पोटं सुटलेली. म्हणून इमारत अशी हवी की लोक एकत्र काम करतील आणि धावतीलही. त्यांनी शहरातल्या सगळ्या फर्म पालथ्या घातल्या होत्या; एकाच छताखाली दोन्ही जाणणारी माणसं त्यांना इथेच दिसली. "आणि तुम्ही बहीणभाऊ," त्या समाधानाने म्हणाल्या. "म्हणजे समन्वयाची काळजीच नको."

ताई आणि दादा, दोघेही मालकीणबाईंकडे बघून हसले. काकांनी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं.

काम झकास वठलं. तळमजल्यावर बॅडमिंटन आणि व्यायामशाळा. पहिल्या मजल्यावर टेबलं. मधला चौक पार छपरापर्यंत मोकळा. त्यात ताईचा जिना, बारा फूट रुंद, पायऱ्यांच्या कडेने बसायला लाकडी फळ्या, पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या मोठ्या टेबलांपर्यंत जाणारा. आणि चौकाच्या भोवती, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, दादाचा धावण्याचा ट्रॅक, सज्जासारखा लटकलेला, तीन जणांना शेजारी शेजारी धावता येईल असा, एका फेरीला दीडशे मीटर. नकाशे काकांमार्फत इकडून तिकडे जात राहिले. पाया झाला, खांब चढले. एक दिवस मालकीणबाईंनी दादाला फोन करून सांगितलं, की तिसऱ्या मजल्यापर्यंत धावायला कोण मरायला चढणार, ट्रॅक एक मजला खाली आणा. दादाला ते पटलं. चढण्याच्या बाबतीत त्याला कुणाचंही लगेच पटत असे. त्याने काकांना सांगितलं, काकांनी ट्रॅक खाली आणला.

त्यानंतर चार महिन्यांनी काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेले. आणि काका गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी साइटवरच्या इंजिनीअरचा ताईला फोन आला. ही इंजिनीअर पस्तिशीतली, कमी बोलणारी, शिरस्त्राण कधी न काढणारी बाई होती. तिने एवढंच म्हटलं, की मॅडम, एकदा येऊन जिना बघून जा.

ताई गेली. जिन्याचं काँक्रीट होऊन पंधरा दिवस झाले होते. ती पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि थांबली. जिन्याचं शेवटचं पाऊल जिथे टेकायचं, तिथून बैठकीच्या टेबलांपर्यंतची जागा मोकळी असायला हवी होती. तिथे आडव्या पोलादी तुळया आल्या होत्या, एकीला लागून एक, डावीकडून उजवीकडे वळण घेत जाणाऱ्या. तिचा जिना सरळ धावण्याच्या ट्रॅकमध्ये जाऊन उघडत होता. चहाचा कप घेऊन वर येणारा माणूस पहिल्याच पावलाला धावणाऱ्याच्या अंगावर जाणार होता.

पलीकडच्या बाजूला, सामान चढवायच्या लिफ्टमधून दादा बाहेर येत होता. इंजिनीअरने त्यालाही बोलावलं होतं.

दोघांनी आपापल्या नकाशांच्या गुंडाळ्या उलगडल्या. इंजिनीअर मधे, तुळईवर उभी. ताई तिला म्हणाली, "त्यांना विचारा, ट्रॅक तिसऱ्या मजल्यावर होता, तो इथे कधी आला."

इंजिनीअरने एकदा ताईकडे आणि एकदा दादाकडे पाहिलं. "मॅडम," ती म्हणाली, "साहेब इथेच उभे आहेत." आणि ती खाली उतरून गेली.

मग काही वेळ खालच्या मजल्यावरचं फरशी कापायचं यंत्र तेवढं ऐकू येत राहिलं. ते थांबलं तेव्हा ताईला बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"हा ट्रॅक इथे काय करतोय?"

"तो चार महिन्यांपासून इथेच आहे," दादा म्हणाला. "तुझा जिना इथे काय करतोय?"

दोघांनी नकाशे एकावर एक ठेवले, पहिल्यांदाच. काकांनी ट्रॅक दादाच्या नकाशात खाली आणला होता. ताईच्या नकाशात तो वरच राहून गेला होता. दोन्ही नकाशे आपापल्या जागी अगदी बिनचूक होते.

"काका मला सांगायला विसरले असतील," ताई म्हणाली. "पण तू सांगू शकला असतास."

"कुणाला? तू माझ्याशी बोलत होतीस?"

"मी का बोलत नव्हते, हे विचारावंसं वाटलं तुला?"

"पाटी मी केली नव्हती गं. पडदा बाजूला झाला तेव्हाच मीही पाहिली."

"नंतर बदलता आली असती."

"तू एका शब्दाने काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुला पर्वा नाही."

"काही म्हणाले नाही म्हणजेच मला पर्वा होती. एवढंही कळू नये तुला?"

दादाने नकाशाची गुंडाळी करायला घेतली, ती तिरकी झाली, त्याने परत उलगडली. "बदललीय मी ती," तो म्हणाला. "दीड महिन्यात बदलली. दोघांची नावं आहेत. दोन वर्षं झाली लागून."



"मला सांगितलं नाहीस."

"वाटलं, बघशील कधीतरी. तू तिकडे फिरकलीसच नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरणतलावावर गेली. पोहायला आलेल्या माणसांच्या ओल्या चपलांमधून वाट काढत पाटीपुढे उभी राहिली. दोन नावं होती, सारख्याच अक्षरांत, तिचं आधी. फक्त तिच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव लावलेलं होतं, जे तिने लग्नाला बावीस वर्षं झाली तरी एकदाही लावलं नव्हतं. तिला हसू आवरेना. तिने तिथूनच दादाला फोन केला आणि चांगलं खडसावलं. दादा म्हणाला, की पाटी करणाऱ्याने विचारलं आणि त्याला जे आठवलं ते त्याने सांगितलं. आता तिसरी पाटी तो काही करणार नाही. मग दोघे त्यावरून पंधरा मिनिटं भांडले. फोन ठेवल्यावर ताई तिथल्या बाकावर बसली आणि कितीतरी वेळ छपराकडे बघत राहिली.

पण जिना होता तिथेच होता. तो तोडायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. ट्रॅक वर न्यायचा म्हणजे तुळया कापायच्या. बहीणभाऊ रोज साइटवर जाऊ लागले, आणि बोलू लागल्यापासून कामाचा पार विचका झाला. काकांमार्फत जे दोन दिवसांत ठरायचं ते आता आठवडा आठवडा ठरेना. दादाने पुलाची कल्पना मांडली, ताईने ती मोडीत काढली. ताईने भुयाराची मांडली, त्यावर दादा इतका हसला की ती निघून गेली. तेवढ्यात काका डोळ्यांवर काळा चष्मा चढवून हजर झाले. त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले आणि तिथल्या तिथे कबूल केलं. त्या दिवसांत पडद्यावर सगळं धुरकट दिसायचं, ते म्हणाले. ट्रॅक दोन्हीकडे उतरवला असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी राजीनाम्याचं पत्रही लिहून आणलं होतं. ताईने ते फाडलं, आणि फाडण्यापूर्वी दादाला वाचायला दिलं नाही म्हणून दादा तिच्यावर चिडला.

हे असं चालू असताना, न कळवता, मालकीणबाई साइटवर आल्या. जिन्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. समोर ट्रॅक, पलीकडे टेबलं. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "टेबलाशी जायचं तर ट्रॅक ओलांडायचा. धावणाऱ्याने यांच्यासाठी थांबायचं, नाहीतर यांनी त्याच्यासाठी. हे तुम्ही मुद्दाम केलंय?"

"हो," ताई आणि दादा एका दमात म्हणाले.

काका मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

इमारत उघडली. जिन्याच्या तोंडाशी ट्रॅकचा रंग बदलून तांबडा केला होता, कठड्याला एक बारीक दिवा लावला होता, तेवढंच. पहिल्या आठवड्यात हिशेबनिसांपैकी एकाची आणि कारखान्याच्या एका फोरमनची टक्कर झाली. चहा सांडला, दोघे खाली बसून तो पुसू लागले आणि पुसता पुसता कळलं की दोघांची मुलं एकाच वर्गात आहेत. मग लोक त्या जागी थांबायला लागले. धावणारे दमले की तिथेच दमायचे. वर जाणारे कुणी येतंय का हे बघायला थांबायचे आणि रेंगाळायचे. ताईचा जिना, त्याच्या लाकडी फळ्या, टेबलं, सगळं रिकामं. गर्दी ती त्या तांबड्या पट्ट्यावर. एका मासिकाने त्यावर चार पानं छापली. 'गेल्या दशकातला सगळ्यात धाडसी निर्णय,' असं त्यात म्हटलं होतं. ताईने ते वाक्य दोनदा वाचलं आणि मासिक कपाटात आतल्या बाजूला ठेवलं.

आर्किटेक्चरच्या कॉलेजने दोघांना एकत्र बोलावलं. ताईने भाषण तयार केलं होतं: वेग आणि विसावा, वाट आणि उंबरठा, असं बरंच काही. ते तिने वाचलंही, आणि मुलांनी भराभर लिहून घेतलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, की ट्रॅक आणि जिना एकमेकांत मिसळायचे ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

ताईने उत्तरासाठी श्वास घेतला. दादाने माइक स्वतःकडे ओढला.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "आम्ही अडीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. तिला ट्रॅक दिसला नाही, मला जिना दिसला नाही, आणि आमच्या काकांना तेव्हा दोन्ही दिसत नव्हतं. झालं."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसलेले प्राचार्य उठून आले आणि म्हणाले, की इतकी विनम्र माणसं आता राहिली नाहीत. तिसऱ्या रांगेत काका ताठ बसून होते. आजूबाजूची मुलं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती, कारण हा कुणी मोठा गुरू असणार हे त्यांना कळून चुकलं होतं.

बाहेर पडताना प्राचार्यांनी तिघांना गाठलं. कॉलेजला नवं ग्रंथालय बांधायचं होतं, शेजारीच बास्केटबॉलचं मैदान. त्यातही तसाच एखादा योगायोग हवा, असा त्यांचा आग्रह होता. दादाने लगेच होकार दिला. ताईने त्याच क्षणी नकार दिला. प्राचार्य एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले, तोवर दोघे मैदानाच्या कडेला जाऊन पोचलेही होते, चेंडूचा आवाज पुस्तकांत जाईल की नाही यावर हातवारे करत.

"तुम्ही काळजी करू नका," काका प्राचार्यांना म्हणाले. "दोघांचा होकार आहे."