पोटातले पाय

“सात,” मी मोठ्याने म्हणालो आणि पाण्याच्या भांड्याच्या काठावरची सातवी गोगलगाय काडीने उचलून डब्यात टाकली.

“मोजून काय करणारेस?” मागच्या दारात उभी असलेली ताई म्हणाली. “हजेरी मांडायचीय का त्यांची?”

मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय मला तंत्रनिकेतनात लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्या सकाळी तर मोजूनही विश्वास बसत नव्हता. शंख नसलेल्या, ओल्या चामड्याच्या तुकड्यांसारख्या त्या करड्या गोगलगाई खोपट्यात शिरल्या होत्या. आणि त्या लाकडी खोपट्याच्या चारही पायांना मी स्वतः बसवलेली तांब्याची पट्टी होती.

खोपट्यात हेडबाई पडून होती. ही ताईची कुत्री. खरे म्हणजे भावजींची. ताईचे यजमान, माझे भावजी, पहारेकरी कुत्र्यांच्या केनेलमध्ये आयुष्यभर कुत्र्यांच्या देखभालीवर होते. मी तिथेच देखभाल विभागात होतो, पण माझी देखभाल नळ, दारे आणि छपरांची. दोन वर्षांपूर्वी केनेल बंद झाले तेव्हा भावजींनी साहेबांकडे दोनच गोष्टी मागितल्या: ही म्हातारी कुत्री आणि तिचे खोपटे. कुणीही समोर आले की आधी त्याचे बूट आणि मग तोंड तपासून पाहायची तिची रीत होती, म्हणून तिला हेडबाई हे नाव पडले. सात महिन्यांपूर्वी भावजी गेले. तीन आठवड्यांपासून हेडबाई खोकत होती.

थोड्या वेळाने प्राण्यांचे डॉक्टर घरी आले आणि त्यांनी निदान चटकन केले. गोगलगाय कुत्र्याच्या पोटात गेली की तिच्यातल्या जंताची पिल्ले फुप्फुसापर्यंत पोहोचतात. औषध दिले, मात्र या वयात हे दुखणे पुन्हा झाले तर ती उठणार नाही, तेव्हा खोपट्याजवळ गोगलगाय फिरकता कामा नये, असे त्यांनी बजावले. मी म्हणालो की हे शक्यच नाही. अकरा वर्षांत त्या पट्टीवरून एकही गोगलगाय चढलेली नाही. डॉक्टर भिडस्त होते. त्यांनी माझ्या हातातल्या गोगलगाईंच्या डब्याकडे नुसते पाहिले.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट मला कालच्यासारखी आठवते. केनेलच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत चौदा खोपटी एका ओळीत होती. भिंत कायम ओली आणि पायथ्याशी गवत. त्या वर्षी हेडबाईची आई याच खोकल्याने गेली. हेडबाई तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. भावजी तिला सदऱ्याच्या आत घालून हिंडत. आणखी एक कुत्रे गेले तर ओळ मोडून टाकू, आणि मग तुमचेही तिथे काम उरणार नाही, असे साहेबांनी भावजींना सांगितले. विषाच्या गोळ्या टाकायची सोय नव्हती, कारण गोगलगाईआधी कुत्रीच त्या खातील. मीठ टाकून पाहिले. ते एका पावसात वाहून गेले आणि कुत्र्यांचे पंजे मात्र आठवडाभर चुरचुरत राहिले.

मग मी ड्रॉइंग काढले. खोपटी जमिनीपासून हातभर उंच चार-चार पायांवर घ्यायची आणि प्रत्येक पायाला चार बोटे रुंद तांब्याची पट्टी गुंडाळायची. गोगलगाईच्या अंगाचा चिकटा तांब्याला लागला की तिला झिणझिण्या येतात आणि ती मागे फिरते, असे मी एका तांत्रिक मासिकात वाचले होते. चौदा चोक छप्पन्न पाय. पाच दिवसांत मी काम उरकले. सांधे असे बसवले होते की नख अडकू नये.

आठवडाभरात तांबे काळपट पडू लागले. मला ते पाहवेना. तपासणीला साहेब येणार होते. तंत्रनिकेतनात आमचे कार्यशाळेचे सर म्हणत, उघडा धातू हे आळशी कारागिराचे लक्षण. मी छप्पन्न पट्ट्या घासून लख्ख केल्या आणि त्यांच्यावर पारदर्शक व्हार्निशचे दोन हात दिले.

भावजी एका पायापाशी बसून ते वाळताना पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “इंजिनीअर, हे वर लावल्यावर तिला तांबं लागेल का?”

मी डिप्लोमावाला, पण ते मला पहिल्यापासून इंजिनीअरच म्हणत, त्यात थट्टा किती आणि कौतुक किती हे मला कधी कळले नाही. मी म्हणालो, “भावजी, धातू झाकला की टिकतो. हे पहिल्याच वर्षी शिकवतात. तुम्ही कुत्री सांभाळा.”

“बरं,” ते म्हणाले.

साहेब खूश झाले. माझे ड्रॉइंग कार्यालयात चौकटीत लागले. त्यानंतर एकही कुत्रे खोकले नाही. पाहुणा आला की मी त्याला ती ओळ दाखवायला नेई आणि गोगलगाईंनी कशी हाय खाल्ली ते सांगे. भावजी मागे उभे राहून मान डोलवत.

ताई त्यांना गोगलगायच म्हणायची. चालणे सावकाश, बोलणे त्याहून सावकाश. एकदा जेवताना तिने सगळ्यांदेखत ऐकवले, “गोगलगाय नि पोटात पाय.” वरून गरीब आणि आतून कावेबाज, असा त्या म्हणीचा अर्थ, पण त्यांच्यात कावा शोधून सापडला नसता, त्यामुळे सगळे हसले. भावजी घास संपवून म्हणाले, “पोटात का असेनात, चालतात ना?” तेव्हा तो मला साधा विनोद वाटला होता.

हे सगळे आठवत मी गुडघे टेकून बसलो आणि पहिल्या पायाची पट्टी निरखली. ती चकाकत होती. अकरा पावसाळे काढलेले तांबे पहिल्या दिवसासारखे चकाकत होते. आणि त्या चकाकीवरून, भर उजेडात, आठवी गोगलगाय निवांत वर चढत होती. काचेवरून जावी तशी.

कितीतरी वेळ मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला तांब्याचा स्पर्शच होत नव्हता. स्पर्श होत होता तो माझ्या व्हार्निशला.

म्हणजे व्हार्निश दिल्यापासून पट्टीने एक दिवसही काम केले नव्हते. मग अकरा वर्षे कुत्री वाचली कशी?

“काय झालं रे?” ताईने विचारले. मी तिला विचारले की भावजी सकाळी इथे काय करायचे.

“इथे काही नाही. फिरायला जायचे,” ती म्हणाली. “साखर निघाली ना, तेव्हापासून. उजाडायच्या आत बाहेर पडायचे ते तासाभराने घामेघूम होऊन परत. मी चहा टाकता टाकता विचारायची, आलात का फिरून? तर म्हणायचे, हो. एवढं फिरूनही मेली साखर काही उतरली नाही. मी म्हणायची, तुम्ही चालता की नुसते उभे राहता?”

साखर कधी निघाली, हे मी विचारले. तिने बोटांवर हिशेब केला. अकरा वर्षे.

मी जमिनीवर उताणा झालो आणि खोपट्याच्या खालच्या अंगाला पाहिले. साठी उलटल्यावर माणूस उगाच उताणा होत नाही, पण मला खात्री करायची होती. तळाच्या दोन आडव्या लाकडी पट्ट्यांमध्ये एक खिळा होता. खिळ्याला झाकणाचा एक पत्र्याचा डबा आणि एक चिमटा टांगलेला होता. चिमट्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळून दोऱ्याने बांधले होते. दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला, म्हणजे पकडलेला जीव चिरडू नये. इतके नेटके काम माझ्या हाताखालच्या कुणीही कधी केले नव्हते.

मी ते बाहेर काढले तशी ताई पायरी उतरून खाली आली. चिमटा हातात घेऊन तिने उलटसुलट केला.

“हा माझा चिमटा आहे,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरातला. तुझ्या बायकोने नेला म्हणून मी तिला अकरा वर्षं बोल लावला.” चिमटा माझ्या हातात परत देत ती म्हणाली, “ते समोर बसून ऐकत असायचे. एकदाही बोलले नाहीत.”

बोलले असते तर चिमटा कशाला लागतो ते सांगावे लागले असते. ते ताईला कळले की मला कळायला संध्याकाळही लागली नसती. मग कार्यालयातली चौकट खाली उतरली असती. चौदा खोपटी, छप्पन्न पाय, रोज वाकून, आणि नंतर दिवसभराची कामे वेगळी. पुढे केनेल बंद झाल्यावर या एका खोपट्यासाठी तेच. शेवटच्या आजारपणात अंथरूण धरले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

एवढे करण्यापेक्षा त्यांनी एक पट्टी खरवडून मला दाखवायला हवी होती. मला राग आला असता, आठ दिवस मी बोललो नसतो, आणि नंतर छप्पन्न पट्ट्या खरवडल्या असत्या. असे मी ताईला म्हणालोही.

“त्यांनी एकदा विचारलं होतं ना तुला?” ती म्हणाली.

तिला हे कसे ठाऊक, ते मी विचारले नाही.

त्या दुपारी मी काचपेपर घेऊन चारही पट्ट्यांवरचे व्हार्निश उतरवले. चार दिवसांत तांबे विटले, पुढे तपकिरी झाले, आणि मी ते तसेच राहू दिले. तांब्याने गोगलगाय हटतेच असे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. माझी मोजणी मात्र आठावरून दोनावर आली. त्या दोन कुठून येतात ते शोधायला मी पहाटे ताईकडे जाऊ लागलो. माझे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे.

पहिल्या दिवशी मी माझ्या पद्धतीने, डावीकडून उजवीकडे, तपासायला लागलो. हेडबाई बाहेर आली. खोकला बराच उतरला होता. तिने माझे बूट हुंगले, तोंडाकडे पाहिले, आणि ती उलट दिशेला चालू लागली. मागच्या उजव्या पायापाशी थांबली. मी तिथे पोहोचेपर्यंत हलली नाही. मी वाकून पाहिले, काही नव्हते. मग ती पायरीच्या फळीकडे गेली. फळी उचलली तर खाली एक होती. पुढे पाण्याच्या भांड्यापाशी. भांडे तिरके केल्यावर बुडाला दुसरी. मग भिंतीकडून खोपट्यावर टेकलेल्या गवताच्या पात्यापाशी ती थांबली. तो पूल माझ्या लक्षातच आला नव्हता. मी ते पाते तोडले.

शेवटी ती पुढच्या डाव्या पायापाशी आली आणि बसली. तिथेही काही नव्हते. मी तिला आत जायला सांगितले, तरी ती जाईना. ती डब्याकडे पाहत होती. मी झाकण लावले, ते टक् करून बसले, आणि त्या आवाजासरशी ती उठून आत गेली.

मी चिमटा पुसून खिळ्याला अडकवला. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि ताईने चुलीकडचे तोंडही न वळवता विचारले,

“आलात का फिरून?”

मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. जन्मात तिने मला कधी अहो-जाहो केलेले नाही. तिच्याही ते लक्षात आले असावे, कारण आत पाणी ओतण्याचा आवाज मध्येच थांबला.

“हो,” मी म्हणालो.